ठो काकांच्या नावामागची चूक

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष माननीय प्रेमलताताई, प्रमुख पाहुणे जयप्रकाशजी, व्यासपीठावरील मान्यवर, आपले उत्सवमूर्ती श्रीधर सर, इथे बसूनही मनात बॅगा भरत असलेल्या त्यांच्या पत्नी नलिनीताई, आणि खिदिरपूरपासून ट्रॅफिक झेलत आलेल्या बंधुभगिनींनो,

मी मंजुषा. सरांच्या हाताखाली तेरा वर्षं काम केलं. प्रेमलताताईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. त्यातलं एक माइकला घाबरण्यात गेलं.

कोलकात्यातल्या आपल्या मराठी मंडळातली मुलं सरांना ‘ठो काका’ म्हणतात. आरतीला टाळ जोरात वाजला की कुणीतरी म्हणतंच, “श्रीधरराव, सायलेन्सर लावा.” सर हसतात. सरांची पाहुण्यांसमोर फजिती झाली म्हणून हे नाव पडलं, एवढं आपल्याला माहीत आहे. पण फजिती केली कुणी?

डमडमपलीकडच्या आमच्या केंद्रात बंदुकांच्या सायलेन्सरची चाचणी होते. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, “मंजुषा, आवाज दोन असतात. बंदुकीच्या तोंडचा आवाज सायलेन्सर गिळतो. पण गोळी आवाजाच्या पुढे धावली, की ती स्वतः हवेत चाबकासारखा कडाका काढते. त्याला सायलेन्सर काय करणार?”

“मग गोळी हळू सोडायची?”

“आवाजाच्या मागे राहील इतकी. काठावर मात्र नको. आवाज उन्हाळ्यात जोरात पळतो, थंडीत रेंगाळतो.”

म्हणून सरांच्या वहीत पहिला रकाना हवेच्या तापमानाचा. तो भरल्याशिवाय गोळी झाडायची नाही. आम्ही त्याला सरांचं सोवळं म्हणायचो.

अकरा वर्षांपूर्वी मे महिन्यात, भर दुपारी सदतीस अंशांत मी एक चाचणी घेतली. गोळीचा वेग सेकंदाला तीनशे सेहेचाळीस मीटर. त्या उकाड्यात आवाज तीनशे त्रेपन्नने पळत होता, म्हणजे गोळी मागेच. सायलेन्सरमधून नुसतं फुस्स झालं. मी इतकी खूश, की तो रकाना रिकामाच राहिला. ‘उत्तम’ असा शेरा मारून अहवाल सरांसमोर ठेवला. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विश्वासाने सही केली.

प्रात्यक्षिक ठरलं जानेवारीत, सकाळी. कोलकात्यात बारा अंश म्हणजे काय, सांगायला हवं का? पाहुण्यांना माकडटोप्या, हातात खजुराच्या नोलेन गुळाची मिठाई, संदेश. सर म्हणाले, “आता ऐका शांतता.” गोळी तीच, वेग तोच. पण त्या गारठ्यात आवाजच तीनशे एकोणचाळीसवर आला होता, गोळी त्याच्या पुढे निघाली आणि असा कडाका उडाला, की मुख्य पाहुण्यांचा संदेश थेट त्यांच्या चहात. पाठीमागून कुणी बंगाली कारकून गंभीरपणे म्हणाला, “खूब शांतो.”

चौकशी झाली. मी उठणार, तेवढ्यात सर म्हणाले, “सही माझी आहे, चूक माझी.” त्यांची बढती दोन वर्षं अडली. आणि मी? सायलेन्सर लावल्यासारखी गप्प बसले.

परवा सर कायमचे नाशिकला निघतील. तेव्हा आजच सांगते: तो अहवाल माझा होता. ठो काका ते नाहीत, ठो मावशी मी.

सर, हातवारे करू नका, मी थांबणार नाही. नलिनीताई, तुम्हाला हे ठाऊक असतं तर मला दर होळीला पुरणपोळी वाढली असती का?

काय म्हणालात? जरा मोठ्यानं सांगा, मागच्यांनाही ऐकू द्या.

त्या म्हणताहेत, “त्याच संध्याकाळी सांगितलं होतं यांनी. म्हणाले, पोरगी जेवली नसेल, डबा पाठव.”

तो डबा मी खाल्ला होता, ताई. वांग्याची भाजी होती.

आता मला पुढचं वाचता येत नाहीये, चष्म्यावर वाफ आली आहे. आपण ऐकून घेतलंत, मंडळाने बोलू दिलं, मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि त्या जुन्या चुकीबद्दल, सर, क्षमा असावी.

सभागृहात आत्ता एकोणतीस अंश आहेत. बोलायला उठण्यापूर्वी लिहून ठेवलं आहे.