नितीनची मोजणी

हसणार नसाल तर सांगते. ग्रुपबरोबर फिरणं मी बंद केलं ते आमच्या नितीनमुळे. सिडनीतल्या स्कोफिल्ड्स उपनगरातली आम्ही सोळा माणसं कुठेही गेलो, की हा स्वयंघोषित पुढारी दर अर्ध्या तासाने बोट नाचवत आम्हाला मोजणार. अरे, मी काय शाळेच्या सहलीला आलेय?

म्हणून यंदा सिडनीहून मेलबर्नला एकटीच ट्रेनने निघाले. वाटेत गोलबर्नला गाडी थांबली. ऐटीत खाली उतरले, पाटीखाली सेल्फी काढला आणि ग्रुपवर टाकला, "फायनली सोलो! इथे कोणी मोजत नाही!"

पहिला अंगठा नितीनचाच आला. मी खूश होऊन मान वर केली, तर गाडी सुटलेली. बॅग, जॅकेट, थेपल्यांचा डबा, सगळं माझ्याविना मेलबर्नला निघालं.

स्टेशनवरचा माणूस म्हणाला, "नो वरीज, मेट. पुढची ट्रेन रात्री."

शेवटी नाक मुठीत धरून फोन लावला. कोणाला? नितीनलाच. दोन तास गाडी हाणत आला बिचारा. मी मुकाट्याने बसले, बेल्ट लावला. त्याने सावकाश माझ्याकडे बोट केलं.

"एक. चला, सगळे आले."