चिएकोनं काढून घेतलेलं मीठ

एक मडकं. डॉक्टरची चिठ्ठी. पांढरा ठिपका. म्हातारीनं धुऊन ठेवलेल्या चपला. — लागतोय का मेळ? नाही ना? बुवा आज भरकटले, असं कुजबुजू नका! आधी सांगा — मायेनं केलेली लबाडी, ती माया की लबाडी? मग मंडळी, ऐका.

जपानातलं एक खेडं. चिएको सून, तोमी सासू. अंगणात उमेचं झाड. उमे म्हणजे? दिसायला जर्दाळू, आंबटपणात — कैरीनं हात जोडावेत! फळं उतरवायची, मिठात दाबायची, तीन दिवस कडक उन्हात वाळवायची, मडक्यात भरायची. भाताच्या मधोमध एक ठेवलं की जेवण झालं! आणि समजूत अशी — मडकं नासलं तर घरावर मरण येतं. हसू नका हो ताई! तुमचं लोणचं नासलं तेव्हा काय काय मनात आलं होतं?

तर डॉक्टर म्हणाले, "आजींचा रक्तदाब वाढलाय. मीठ कमी!" म्हातारीला सांगणार कोण? वाघाला गवत वाढायचं! चिएकोनं काय केलं — सासूनं फळं मिठात दाबली, पाठ वळली, की फळांवरचं दोन मुठी मीठ काढून घेतलं. गुपचूप!

महिन्याभरात — पांढरा ठिपका. बुरशी!

तोमीनं झाकण उघडलं, पाहिलं, लावलं. "माझं बोलावणं आलं." बस्स! शेवटच्या वाटेसाठी चपला धुतल्या. ठेवणीतले किमोनो शेजारणीला दिले. जेवण सोडलं — एक दिवस, तीन दिवस, पाच दिवस!

चिएकोला काही सुचेना. सांगावं तर लबाडी उघडी, न सांगावं तर म्हातारी उपाशी जाते! आणि बुरशी मीठ काढल्यापायी, की खरंच बोलावणं? तिचं तिलाच कळेना हो! शेवटी जमिनीला कपाळ टेकलं. "आई, मीठ मीच काढलं!"

तोमी हसली. "माझ्यासाठी खोटं बोलतेस, पोरी. गुणाची आहेस."

घ्या! खोटं पचलं, खरं घशात अडकलं!

चिएको उठली. मडक्याच्या तळातलं एक फळ काढलं, धुतलं. "चाखा."

"नको गं आता."

"चाखा म्हणते ना!" — आणि कोंबलं तोंडात!

तोमीचं तोंड वाकडं झालं. थुंकली. लालबुंद!

"मीठ कुठाय यात? अगं सटवे, आठ वर्षं माझ्या हाताखाली काढलीस, आणि हे? भात आण! आधी भात आण — ओरडायला अंगात जोर नाही माझ्या!"

मंडळी, हसलात. आता घरी जाल. कुणाच्या ताटातलं काय काढून घेतलंत — त्याच्याच भल्यासाठी, त्याला न विचारता? आईला रिपोर्ट दाखवला नाहीत? पोराचं पत्र दाबून ठेवलंत? जा, सांगा! विश्वास बसला नाही तर पुन्हा सांगा. शिव्या पडतील, खा! ती माया होती की लबाडी — मला विचारू नका, माझाही गोंधळ आहे. ज्याचं मीठ काढलंत, त्याला विचारा.

तोमी वारली ती अकरा वर्षांनी, एका सोमवारी.