संकष्टीची कोंबडी

“आज ह्या शहरातली गुंडगिरी मी मुळापासून उपटून टाकणार!”

“हौशीराम, आधी नारळाची पिशवी सांभाळ. घसरतीय.”

संकष्टीला ओझरच्या यष्टीत माझ्या शेजारी पन्नाशीचे दोन मित्र बसले होते. हौशीराम मोबाईलवर जुना मारामारीचा गेम खेळत होता.

“यमाजी, शाळेत व्हतो तवा व्हिडिओ गेमच्या पार्लरात ह्याच टकल्यानं आपल्याला रोज मारलं. आज त्याला सोडत न्हाई.”

“पण तुझा जीव सुतभर राह्यलाय. तो ड्रम फोड.”

“फोडला. आत भाजलेली कोंबडी निघाली.”

“मग खा की! जीव भरंल.”

“आज उपास हाय, राव.”

“खाणारा तू न्हाईस, गेममधला गडी हाय!”

“पण बटन माझंच बोट दाबतंय ना?”

“मग चंद्र उगवल्यावर खा.”

“तवर टकल्या थांबंल व्हय? तूच दाब.”

“मी? माझी तर एकवीस संकष्ट्यांचा नवस हाय!”

“आला, आला! साखळी काढली त्यानं!”

हौशीरामने मोबाईल माझ्यापुढे धरला.

“पावणं, तुमचा उपास नसंल, तर तेवढी कोंबडी खाता का?”