पोथी आणि पीठ

नाही, मला एक सांगा, बाईनं लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये, बाई गेल्यावर, दोनशे बारा ठिकाणी तुम्ही हात घालता, आणि त्यातल्या एकाही ठिकाणी तो का घातला हे लिहून ठेवावंसं तुम्हाला वाटत नाही? एकाही? हे मी आमच्या ऑफिसातल्या रविंद्रला विचारलं, तर तो म्हणतो, "काका, चालून राहिलं ना? मंग झालं." चालून राहिलं ना... हे ह्यांचं शास्त्र.

तुम्हाला सांगतो, आमचं ऑफिस कालव्याच्या पाण्याचं. कोणत्या फाट्याला कोणत्या दिवशी पाणी सोडायचं, किती तास, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेपटाकडच्या, शेवटच्या गावाला ते पोचणार कधी, ह्या पाळ्या वीस वर्षं मी कागदावर मांडल्या, हेड ड्राफ्ट्समन म्हणून. पंच्याऐंशी साली कॉम्प्युटर आला. एकच. त्याच्यासाठी एसी आला, एसीसाठी पडदे आले, आणि खोलीत शिरायचं तर चपला बाहेर काढा असा बोर्ड आला. मे महिन्यात अर्धं ऑफिस 'मशीन पाहायला' आत यायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. मशीन चालवायला ज्या बाई आल्या... आल्या कुठल्या, माझीच बायको, शामला. गणित शिकवत होती, कोर्स केला, परीक्षा दिली, आणि माझ्याच ऑफिसात माझ्या वरच्या ग्रेडवर येऊन बसली. ते असो.

तर शामलाचं म्हणणं असं, की प्रोग्रॅम मशीनसाठी लिहायचाच नाही, माणसासाठी लिहायचा. कुठल्याशा अमेरिकन प्राध्यापकाच्या लेखाची झेरॉक्स तिला मिळाली होती, ती तिनं इतकी वाचली की अक्षरं पुसट झाली. एकच लांबलचक निबंध लिहायचा. आधी आपण काय करतो आहोत, कशासाठी, हे नीट सांगायचं, मग कोडच्या चार ओळी, मग पुन्हा सांगणं, पुन्हा चार ओळी. मग तिनंच केलेला एक छोटा प्रोग्रॅम त्या निबंधातून फक्त कोड वेगळा काढायचा आणि मशीनला द्यायचा. ऑफिसनं लगेच बारसं केलं. निबंध म्हणजे पोथी, तो छोटा प्रोग्रॅम म्हणजे चाळणी, आणि खाली पडतं ते पीठ. मशीन पीठ खातं, माणसानं पोथी वाचायची. मशीनवर देवनागरी नव्हती, म्हणून मराठी इंग्रजी अक्षरांत, आणि मराठी कोणतं, तर आपलं इकडचं. प्रत्येक भागावर मथळा, "काहून?", म्हणजे का, आणि खाली, "थांब गा बाबू, आकडा बदलवायच्या आधी हे वाच."

आणि नियम एकच, चपलांच्या बोर्डाखाली तिनं स्वतः लावलेला. दुरुस्ती पोथीत करायची, पिठात नाही. आता ह्यात न समजण्यासारखं काय आहे? पिठात हात घातलात आणि उद्या कुणी पोथी पुन्हा चाळली, तर नवं पीठ पडणार आणि तुमची दुरुस्ती वाहून जाणार. न चाळली तर पोथी एक बोलणार, मशीन दुसरंच करणार. घरात आमचं हेच व्हायचं, पण ते असो.

सत्त्याऐंशीच्या श्रावणात शामला गेली. काविळीनं. अकरा दिवसांत.

तेरावा करून ऑफिसात आलो, तर रविंद्रनं पिठात पहिला हात घातलेला. "पोथी उघडायले टाइम लागते काका, सीधा पिठातच करून टाकलं." मी म्हटलं, बोर्ड दिसत नाही का, दुरुस्ती पोथीत करायची. "हो हो, पुढच्या वेळी." पुढच्या वेळी साहेब घाईत, त्याच्या पुढच्या वेळी लाइट गेलेले, मग दिवाळी... अशी दोन वर्षं.

मग साहेब बदलले. पुण्याहून आले. सगळ्या फ्लॉप्या टेबलावर मांडायला लावल्या आणि म्हणाले, "वामनराव, एकाच गोष्टीचे हे दोन-दोन कशाला? मशीन जे चालवतं ते ठेवा, दुसरं पुसून टाका, फ्लॉप्या मोकळ्या होतील." फ्लॉप्या मोकळ्या होतील! मी उभ्या नोकरीत कुणा साहेबाकडे काही मागितलं नव्हतं. म्हटलं, साहेब, जुळवून देतो. ते म्हणाले मार्चअखेर दोन्ही जुळलं तर पोथी ठेवू, नाहीतर नाही.

आता ड्राफ्ट्समन माणूस जुळवणार कसा? मी पोथी छापून घेतली, पीठ छापून घेतलं, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा तो कागद घराच्या दारापासून तुळशीपर्यंत दोन रांगांत पसरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून विटा ठेवल्या आणि निळी पेन्सिल घेऊन गुडघ्यांवर रांगायला लागलो. शेजारच्या जिजाबाई कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "काही हरपलं काय जी, भाऊ?" म्हटलं, हो, शोधतो आहे.

दोनशे बारा जागा निघाल्या. एकेक घेऊन रविंद्रसमोर बसायचो. इथं सहाचे आठ तास केलेस, काहून? "मले काय आठवन राहिलं काका." इथं एक आख्खा फाटा गाळलास, काहून? "तवा साहेब घाईत होते." मग पोथीत तसंच लिहू का? 'काहून? साहेब घाईत होते.' तर म्हणतो, "लिहून टाका."

पण जुळवलं. त्याचा प्रत्येक बदल पोथीत चढवला, पोथी चाळली, आणि पडलेलं पीठ मशीनमधल्या पिठाशी ओळीला ओळ लावून पाहिलं. एका स्वल्पविरामाचा फरक नाही. साहेबांनी मान हलवली, पोथी राहिली. मी ऑफिसला आलूबोंडे दिले. इथं थांबलं असतं तर बरं झालं असतं.

पण कौशल्या आली. कामठीची पोरगी, नवी लागलेली, आणि तिनं ती गोष्ट केली जी आमच्याकडे कुणी केली नव्हती. पोथी वाचली. पहिल्या पानापासून. चौथ्या दिवशी माझ्याकडे आली. "काका, बाईंनं लिहिलं, 'मौदा फाट्याले दोन दिवस जास्त दे. काहून? मी स्वतः पायी टेलपर्यंत गेली, कालवा मातीचा आहे, पाणी जिरते, ज्याले पटत नसन त्यानं उन्हात चालून पाहावं.' अन् खाली कोड म्हणते, शून्य दिवस. खरं कोण?"

काय आहे, मी कोड बदलला होता. वाक्यं नव्हती बदलली. चाळणीला वाक्यांशी काय करायचं? पीठ पिठाशी जुळलं होतं. रविंद्रला विचारलं, आणि नेमकं हे एक त्याला आठवलं. "मागच्या साली कालवा पक्का झाला ना काका, सिमेंटचा. आता कायले जिरते पाणी?" खरं होतं. शामला गेली आणि मागे कालवा सुधारला. ह्यात कुणाचीच चूक नाही, रागावणार तरी कुणावर?

मी कौशल्याला म्हटलं, ते वाक्य राहू दे. ती दाराकडे पाहून हळूच म्हणाली, "काका, मंग बाईंचा तो बोर्ड काढून टाकू काय?"

बसलो मग. दोनशे बारांपैकी एकशे चाळीस जागी शामलाचं म्हणणं आता खरं नव्हतं. एकेक वाक्य खोडलं आणि खरं ते लिहिलं. तिच्याच थाटात, 'थांब गा बाबू' करून, नाहीतर पोथी दोन तोंडांनी बोलली असती. न पाहता लिहिलं असतं तर ती रागावली असती, म्हणून मौद्याला जाऊन टेलपर्यंत चाललो. सिमेंटवरून ऊन उलटं तोंडावर येतं, हे तिला माहीत नव्हतं, ते घातलं. रविंद्र म्हणाला, "जुनीची कॉपी ठेवा ना काका." पण तिचंच म्हणणं होतं, पोथी एकच, दोन झाल्या की भांडण. नाही ठेवली. छापलेला कागद ऑफिसनं पाठकोरा म्हणून परत घेतला, त्याच्यावर आता रजेचे अर्ज येतात.

गेल्या सोमवारी साहेबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पोथी उघडली. इंग्रजी अक्षरांतलं मराठी अडखळत मोठ्यानं वाचायला लागले, "थांब गा बाबू, कालवा आता पक्का आहे, पाणी कोणासाठी थांबत नाही, म्हणून तूच थांब..." आणि चष्मा काढून पुसला. "वामनराव, मॅडम काय लिहायच्या हो. असं आता कुणी लिहीत नाही."

ते वाक्य मी आठ दिवसांपूर्वी लिहिलेलं. रविंद्र खाली पाहत होता, कौशल्या माझ्याकडे. मी म्हटलं, "हो साहेब, लिहायची."

साहेबांनी तिथल्या तिथं लेखी ऑर्डर काढली. मॅडमच्या स्मृतीचा मान म्हणून पोथीतला एकही शब्द ह्यापुढे कुणी बदलायचा नाही.

रविंद्र खूष आहे. परवापासून सगळ्या दुरुस्त्या पिठातच करतो, आणि आता त्याच्याकडे ऑर्डर आहे.