सैल हात

दुरुस्तीच्या दुकानात रांगेतल्या शिक्षिकेचे कान पुढच्या बाईंकडे लागले होते. बाईंनी गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचं स्टिअरिंग दुकानदारापुढे काउंटरवर ठेवलं होतं.

"हे आपोआप वळतं हो, दादा."

"ताई, गेममधली गाडी घसरली की स्टिअरिंगमधली मोटर हिसका देते. हात सैल ठेवा, सवय होईल."

"सैलच ठेवते. पण हे वळणाच्या आधीच वळतं. आमचे हे अस्संच वळवायचे."

"मग त्यांनाच बसवा की!"

"ते गेले, उन्हाळ्यात."

"अरेरे... ट्रॅक बदलून बघा."

"ह्यांनी कधी न पाहिलेला लावला. सुरुवातीला गाडी भिंतीवर आपटायची. आता सफाईनं वळते."

"बघा, झालीच ना सवय तुम्हाला!"

"आता मी हातच लावत नाही, दादा."

"...मग दुरुस्त काय करायचं?"

"दुरुस्ती नकोच. वायर तेवढी लांब करून द्या. ह्यांच्या खुर्चीपर्यंत पोचत नाही."