फिरकी धरणारी

दवाखान्यात माझ्या शेजारी एक जोडपं नंबरची वाट बघत होतं. नवऱ्याच्या बोटाला रक्ताळलेला रुमाल होता.

“अहो, हात खिशात काय घालताय? वर धरा.”

“कुणी बघितलं तर दादाच्या कानावर जाईल.”

“जाऊ दे की! भाऊजींचा पतंग काटलाय आपण, लाजायचं कशाला?”

“अगं, मांजानं असं बोट कापल्यावर कुणी पेच जिंकतं का? दोरा कुणाच्या हातात होता ते त्याला लगेच कळेल.”

“माझ्या हातात होता. तुम्ही कापलेलं बोट धरून खाली बसून ‘खेच, खेच’ म्हणून बोंबलत होतात.”

“आणि तू ढील दिलीस!”

“खेचला असता तर आपलाच गेला असता. इतकी वर्षं तुमची फिरकी धरून तेच तर बघतेय.”

“बरं बाई! पण मी त्याला सांगून बसलोय, मी काटला म्हणून.”

“कधी?”

“तेव्हाच. गच्चीवरून ओरडून.”

“धन्य आहात!”

“तो संध्याकाळी घरी येतोय गं. डॉक्टरांना पट्टी जरा छोटी बांधायला सांग ना.”

“सांगते हं. कोपरापर्यंत बांधा म्हणून सांगते.”