मनू ओटिएनो याने खांद्यावर घेतलेल्या गॅलरीबाबत

जबाब देणार : अपेक्षा राजेश तावडे, वय ३१ वर्षे, व्यवसाय सहकारी बँकेत नोकरी व फुटबॉल पंच, राहणार लालबाग, मुंबई.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगते की, मी वरील पत्त्यावर आईवडिलांसोबत राहते. गेल्या रविवारी परळच्या मैदानावर बांबूची प्रेक्षक गॅलरी पडली. त्या सामन्याची मी मुख्य पंच होते. जे पाहिले तेवढेच सांगत आहे.

मनू ओटिएनो, वय २६, यास तो आठ वर्षांचा असल्यापासून ओळखते. त्याचे वडील केनियातील मोंबासा येथे जहाजदुरुस्तीच्या कामात आहेत. आई नलू या लालबागच्याच, माहेरच्या परब. नर्सच्या नोकरीसाठी त्या तिकडे गेल्या, तिथेच लग्न झाले. मुलाला घेऊन परत आल्या तेव्हा आमच्या मजल्यावर राहू लागल्या. वडील दरवर्षी गणपतीला येतात. मनू आईशी मालवणी बोलतो आणि वडिलांशी स्वाहिली.

आमच्या चाळीच्या फुटबॉल संघात मी एकटी मुलगी होते. समोरचे संघ मला आणि मनूला काय काय म्हणत, ते येथे सांगण्याची गरज नाही. मी भांडत असे. मनू उत्तर देत नसे. तो गोल करत असे.

सतराव्या वर्षी तो वडिलांकडे गेला आणि मोंबासाच्या एका क्लबकडून दोन हंगाम खेळला. त्यानंतर गोव्यात आणि आता कोलकात्यात व्यावसायिक क्लबकडून खेळतो. मधल्या फळीत त्याच्याइतका धावणारा खेळाडू मी पंच म्हणून पाहिलेला नाही. केनियाच्या राष्ट्रीय संघाकडून त्याला विचारणा झाली होती. आपल्याकडूनही झाली, पण भारताकडून खेळायचे तर इथले नागरिकत्व हवे आणि दोन पासपोर्ट ठेवता येत नाहीत. गेल्या वर्षी त्याने केनियाचा पासपोर्ट परत केला. त्या संध्याकाळी त्याने वडिलांना फोन केला तेव्हा मी जिन्यातच होते. त्याने फोन ठेवला. मी विचारले, "काय म्हणाले रे बाबा?" तो म्हणाला, "म्हणाले, दोन्ही टीम समोरासमोर आल्या तर मी मधोमध बसेन."

नागरिकत्वाचा अर्ज शेवटच्या टप्प्यात आहे. कागद हाती आला की राष्ट्रीय शिबिरासाठी बोलावणे येणार होते. गॅलरी पडल्याबद्दल त्याच्यावर गुन्हा नोंदला गेल्यास अर्ज अडकेल, असे त्याच्या वकिलांनी सांगितले आहे.

रविवारी तो सामना भरवणाऱ्या मंडळाचा पाहुणा म्हणून आला होता. सामन्याआधी मी मंडळाचे सचिव विकास यांना सांगितले की गॅलरी हलते आहे, वरच्या पायऱ्या रिकाम्या करा. ते म्हणाले, "ताई, दरवर्षी हीच गॅलरी असते. तुम्ही शिट्टीचं बघा." मी सामना सुरू केला.

मध्यंतरात मनू माझ्याशी बोलत होता. आम्ही गॅलरीच्या समोरच्या बाजूला होतो, मधे पूर्ण मैदान होते. विकास यांच्या तक्रारीत असे आहे की, मनूने गॅलरीजवळ जाऊन हात वर केला, म्हणून लोक उड्या मारू लागले आणि गॅलरी पडली. हे खोटे आहे. उजवीकडचा टेकू सरकला व वरचा भाग हळूहळू खाली येऊ लागला, तेव्हा मनूच्या हातात माझी पाण्याची बाटली होती.

ती टाकून तो धावला. गॅलरीखाली सावलीत मंडळातल्या बायका सरबत करत होत्या. लोक बाहेरच्या दिशेने पळत होते, तो आत शिरला. आडवा बांबू त्याने खांद्यावर घेतला व ओरडला, "अपेक्षा, आतल्यांना काढ!" मी व आणखी काही जणांनी बायकांना बाहेर ओढले. सुभद्राबाई, वय ६४, यांचा पाय फळीखाली अडकला होता. त्यांनी मनूला सांगितले, "सोड रे बाळा, तू जा." तो म्हणाला, "मावशी, बोलू नका, पाय काढा." त्याचा डावा गुडघा आत वळताना मी पाहिला. त्याने बांबू सोडला नाही. सुभद्राबाई बाहेर आल्यावर मी नाव घेऊन हाक मारली, तेव्हा सोडला.

रुग्णालयात डॉक्टरांनी मनूच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटल्याचे सांगितले. शस्त्रक्रिया झाली आहे. हा हंगाम गेला. पुढचा खेळेल, असे डॉक्टर म्हणतात. नलूमावशी रडू लागल्या तेव्हा तो म्हणाला, "गे आये, रडू नको. गुडघो गेलो, मी हंयच आसंय." मी त्याला म्हटले, दुसरं कोणी धरलं असतं की. त्यावर तो म्हणाला, "कोण?"

मनूमुळे गॅलरी पडली नाही. मनूमुळे कोणी मेले नाही. माझी विकास यांच्याशी व्यक्तिगत दुश्मनी नाही.

माझा हा जबाब मराठीत संगणकावर लिहून मला वाचून दाखवला. त्यात मनूच्या नावापुढे 'परदेशी नागरिक' असे आले होते. सध्या त्याच्याकडे कोणत्याच देशाचा पासपोर्ट नाही, म्हणून ते माझ्या सांगण्यावरून काढून 'राहणार लालबाग' असे घातले. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. बाहेरच्या बाकावर सुभद्राबाई प्लास्टर घातलेला पाय पुढे करून बसल्या आहेत. त्यांच्यासोबत त्या दिवशी गॅलरीखाली असलेल्या सगळ्या बायका आल्या आहेत. कोणीही बोलावलेले नाही. सर्वांचे जबाब घेतल्याशिवाय आम्ही घरी जाणार नाही, असे सांगण्याचे काम त्यांनी माझ्यावर सोपवले आहे.

(सही) अपेक्षा राजेश तावडे